नापास नातीचा सत्कार

ही हकिकत मी कित्येक वर्षं टाळत आलो. विषय जवळ आला की उठून पाणी प्यायला जायचो, नाहीतर गॅलरीत जाऊन उभा राहायचो. कुणी नातीची चौकशी केली की ‘बरं चाललंय’ म्हणायचो आणि त्याच्याच मुलाबाळांची विचारपूस सुरू करायचो.

लालबागच्या आमच्या चाळीत मला सरळ माणूस समजतात. नळावरून भांडण झालं की दोन्ही बाजू माझ्याकडे येतात. आणि ह्याच चाळीत माझ्या नातीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बारावीला नापास झाल्याचं तिने घरच्यांपासून लपवलं, पास झाले म्हणून खोटं सांगितलं आणि अख्ख्या चाळीसमोर सत्कारही करून घेतला. ती गोष्ट खोटी आहे. तिने काही लपवलं नव्हतं. खोटं मी बोललो, आणि ते तिच्या नावावरही मीच घातलं.

आधी सत्काराबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच निघालं.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. मी त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून झालो आणि गिरणी बंद पडल्यावर दादरला एका खाजगी कंपनीत चिकटलो. मी मॅट्रिक झालो तेव्हा आमच्या मजल्यावर तेवढं शिकलेलं कुणी नव्हतं. चाळीचं मंडळ हातात आल्यावर मी ठरवलं की दरवर्षी पास झालेल्या मुलांचा सत्कार करायचा. निकाल लागला की पुढच्या एखाद्या रविवारी चाळीच्या मधल्या चौकात टेबल मांडायचं, माइक लावायचा. जिन्याच्या तोंडाशी काळा फळा असे, त्यावर रंगीत खडूने प्रत्येकाचं नाव आणि टक्के मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं. गुलाबाचं फूल, नारळ आणि एक बॅग एवढंच द्यायचो, पण मुलांचे आईबाप त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून खाली यायचे.

नापास झालेल्यांचं नाव अर्थातच फळ्यावर नसायचं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण चाळीत कुणाचं पोर कितवीला आहे हे सगळ्यांना पाठ असतं. फळ्यावर जे नाव नाही ते सगळ्यांत आधी वाचलं जातं.

एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा बारावीला नापास झाला. कॉमर्सचाच होता. माइक माझ्या हातात होता आणि समोर माणसं भरपूर. मी म्हणालो, “तिसऱ्या मजल्यावर ह्या वर्षी बारावी मुक्कामाला राहिलीय. एस.टी. बंद पडलीय म्हणे. पुढच्या गाडीने येईल!” चौक हसला. त्या मुलाची आई पुढच्याच रांगेत बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि जिन्याने वर निघून गेली. मी पुढचं नाव पुकारलं.

मुलगा पुढच्या वर्षी पास झाला. मग रात्रीच्या कॉलेजात शिकला, नोकरी करता करता अकाउंट्सच्या परीक्षा दिल्या आणि लोअर परळच्या एका मोठ्या ऑफिसात साहेब झाला. चाळ त्याने सोडली नाही. मला भेटला की अजूनही वाकून नमस्कार करी. त्या विनोदाबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही.

माझी नात बारावीला बसली त्या वर्षी निकाल दुपारी मोबाईलवर लागणार होता. मुलगा आणि सून कामावर गेले होते. घरात आम्ही दोघंच. तिने नंबर टाकला, निकाल बघितला आणि फोन माझ्यासमोर धरला.

“आबा, अकाउंट्स गेलं.”

मला आधी समजलंच नाही. बाकीचे विषय नीट सुटले होते, काहींत तर बरे मार्क होते. अकाउंट्सचा पेपर वाईट गेल्याचं ती परीक्षेच्या दिवशीच म्हणाली होती. ताळेबंद जुळला नाही आणि तो जुळवण्यात शेवटचे दोन प्रश्न राहिले, असं तिने सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, होतं गं असं, सगळ्यांनाच वाटतं.

ती रडली नाही. मला समजावून सांगायला लागली, जणू नापास मी झालो होतो. “हे बघा आबा, मला जो फायनान्सचा कोर्स करायचा होता तो आता नाही मिळणार. त्याला पहिल्याच प्रयत्नात पास व्हावं लागतं. पण साधी बी.कॉम. मिळेल. जुलैत पुन्हा परीक्षा आहे. एकच विषय. त्यात सुटले तर आमच्याच कॉलेजात ह्याच वर्षी घेतात, मॅडमनी आधीच सांगितलंय. उशिरा घेतात, पण घेतात. वर्ष फुकट जाणार नाही.”

एवढं तिने स्वतःहून शोधून ठेवलं होतं. मी फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं.

तेवढ्यात शेजारच्या बाई दारात आल्या. त्या परळला एका शाळेत शिकवतात, चाळीतली सगळी मुलं त्यांना काकी म्हणतात. उंबऱ्यावरूनच त्यांनी विचारलं, “काय गो बाय, किती पडले?”

नातीने तोंड उघडलं. तिच्या आधी मी बोललो.

“बासष्ट टक्के.”

“अरे वा! मग आबा, पेढे?”

“संध्याकाळी आणतो की.”

बाई हसत गेल्या. गॅलरीतून त्यांचा आवाज पुढच्या खोल्यांत जाताना आम्ही दोघांनी ऐकला. बासष्ट हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. फार मोठाही नको आणि लहानही नको, एवढा विचार मात्र त्या क्षणात मी केला असणार. खोटं बोलताना माणूस किती झटपट हिशोब करतो ते त्या दिवशी मला कळलं.

“आबा, असं का सांगितलंत?” नात म्हणाली.

“दोन महिन्यांचा तर प्रश्न. जुलैत तू पास होणारच आहेस. मग कुणाला काय कळतंय?”

संध्याकाळी मुलगा हेच विचारत होता. मी त्यालाही तेच सांगितलं. आमच्या घरात माझ्यापुढे कुणी फार बोलत नसे आणि त्याचा मला अभिमान होता. सून एवढंच म्हणाली, “पेढे मी वाटणार नाही. तुम्हाला वाटायचे तर वाटा.” मी दुकानातून खोका आणला आणि घरोघरी स्वतः वाटले. तिसऱ्या मजल्यावरही गेलो. त्या साहेबाच्या आईने पेढा हातात घेतला, अर्धा मोडून देवापुढे ठेवला आणि म्हणाली, “पोर गुणाची आहे हो तुमची.” त्या म्हातारीच्या तोंडावर मला तसूभरही खवचटपणा दिसला नाही, आणि मी तर तोच शोधत होतो.

खरं सांगायचं तर मला भीती होती ती त्या म्हातारीचीच. चाळ हसेल असं मी घरात म्हणत होतो. पण चाळ कशी हसते हे मीच माइकवरून शिकवलं होतं. आता माझ्या दाराशी बंद पडलेली एस.टी. उभी होती आणि ती कुणाला दिसू नये एवढंच मला हवं होतं.

पुढचं ओघानेच आलं. पेढे वाटले म्हटल्यावर फळ्यावर नाव आलं, नाव आलं म्हटल्यावर सत्कार आला. आधीच्या दिवशी नात म्हणाली, “मी उद्या मावशीकडे जाते. ताप आला म्हणून सांगा.” मी म्हटलं, “माझीच नात नाही आली तर लोक काय समजतील?” ती गेली नाही.

त्या वर्षी प्रमुख पाहुणा तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगाच होता. मंडळाच्या पोरांनी ठरवलं होतं, मला नाही म्हणता आलं नाही. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. नातीचं नाव पुकारलं, तिने फूल घेतलं, नारळ घेतला, बॅग घेतली. पाहुण्याने तिला विचारलं, “पुढे काय?” ती म्हणाली, “बी.कॉम.” तो म्हणाला, “छान. अकाउंट्स पक्कं कर.”

मग तो भाषणाला उभा राहिला. भाषण लहानच होतं. “मी बारावीला नापास झालो होतो, ते इथल्या मोठ्या माणसांना माहीत आहे,” तो म्हणाला. मी खाली बघत होतो. “त्या वर्षी मी चार महिने चौकात उतरलो नाही. मागच्या जिन्याने जायचो-यायचो. ह्या वर्षी ज्यांचं नाव फळ्यावर नाही, त्यांना मला सांगायचंय. दर रविवारी सकाळी माझ्या घरी या. अकाउंट्स मी शिकवतो. पैसे नाहीत, काही नाही. जुलैत सोडवून देतो तुम्हाला.”

टाळ्या पडल्या. मी नातीकडे पाहिलं. नवी बॅग मांडीवर घेऊन ती त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्याला काय म्हणावं हे मला आजवर सुचलेलं नाही. तहान लागलेला माणूस दुसऱ्याच्या हातातल्या पेल्याकडे बघतो तसं काहीतरी.

त्या रविवारपासून चाळीतली दोन मुलं तिसऱ्या मजल्यावर जायला लागली. दोघंही बारावी कॉमर्सचे. नात एकदा हळूच म्हणाली, “आबा, मी जाऊ? काहीतरी अडलंय म्हणून विचारायला?” मी म्हणालो, “पास झालेल्या मुलीला बारावीचं काय अडतं?” ती घरात बसून एकटीच गणितं सोडवायची. मी तिला शिकवू पाहिलं, पण आमचं हजेरीपट आणि पगाराचं काम वेगळं, तिच्या भागीदारीच्या खात्यांत माझी गती नव्हती.

जुलैच्या परीक्षेचं केंद्र परळला आलं. निघताना मी तिच्या हातावर दही ठेवलं आणि म्हणालो, “तोंडाला ओढणी बांध. आणि कुणाच्या नजरेला पडू नकोस.” हे वाक्य माझं. ह्यात कुणाचा वाटा नाही.

पेपर संपायला अजून बराच वेळ असताना ती परत आली. चप्पल न काढता आत आली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

“काय झालं?”

“गेटवर काकी होत्या.”

“कोण काकी?”

“शेजारच्या. त्यांची शाळा हेच केंद्र आहे. हॉलतिकीट बघून एकेकाला आत सोडत होत्या. ओढणी सगळ्यांनाच काढायला लावत होत्या.”

“मग?”

“मी समोरच्या बस स्टॉपवर उभी राहिले. वाटलं, आत जातील. नाही गेल्या. मग गेट बंद झालं.” आणि मग माझ्याकडे वर बघून, अगदी साध्या आवाजात, “तुम्हीच म्हणालात ना, नजरेला पडू नकोस.”

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायचं म्हणूनच मी हा कागद पुढे ओढला आहे. मला हायसं वाटलं. बाईंनी तिला पाहिलं नाही, ह्याचं. मी म्हणालोसुद्धा, “बरं झालं, दिसली नाहीस ते.” पोरीचं वर्ष गेलं होतं आणि मी असं बोललो. ती उठली, हॉलतिकीट कपाटात ठेवलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते आठवलं तरी मला घरात बसवत नाही. चाळीच्या दृष्टीने ती कॉलेजात जात होती. म्हणून रोज सकाळी सत्कारात मिळालेली बॅग खांद्याला लावून ती निघे. दादरला एका वाचनालयात बसायची, दुपारी परत यायची. शेजारच्या बाई कौतुकाने विचारायच्या, “काय गो, कॉलेज काय म्हणतंय?” ती म्हणायची, “छान चाललंय काकी.” मला पोरीला खोटं बोलायला शिकवावं लागलं नाही. तिला ते रोज बोलावं लागेल अशी व्यवस्था मी आधीच करून ठेवली होती.

पुढच्या परीक्षेचा अर्ज तिने मला न विचारता भरला. परीक्षेच्या सकाळी दारातून वळून म्हणाली, “आबा, ह्या वेळी कुणीही दिसलं तरी मी आत जाणार आहे.” केंद्र वेगळं आलं, कुणी दिसलं नाही. ती पास झाली. अकाउंट्सला तिला बाकीच्या सगळ्या विषयांपेक्षा जास्त मार्क पडले. आणि आमच्या घरात त्या दिवशी साधी साखरसुद्धा कुणी कुणाच्या हातावर ठेवली नाही, कारण त्या पास होण्याचे पेढे चाळीने वर्षापूर्वीच खाल्ले होते. खाली चौकात त्या वर्षीच्या सत्काराची तयारी सुरू होती. फळा पुसून मी पोरांची नावं लिहिली. जिचं नाव त्या वर्षी खरोखर यायला हवं होतं, ती वर दळण निवडत बसली होती.

तिच्या आधीच्या कॉलेजात आता जागा नव्हती. नव्या मुलांच्या याद्या लागल्या होत्या आणि वर्ष वाया गेलेल्याला कुणी आधी विचारत नव्हतं. मधलं वर्ष काय केलं ह्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, ते करून आणलं. शेवटी लांबच्या एका कॉलेजात बी.कॉम. मिळालं. मधे कोविड आला, तिची कॉलेजची बरीचशी वर्षं मोबाईलच्या पडद्यावरच गेली. एक वर्ष जास्त लागलं ते चाळीने कोविडच्या खात्यावर टाकलं. पण तिने नेटाने केलं आणि चांगल्या टक्क्यांनी सुटली. मला वाटलं, चला, ह्यातून पार पडलो. माझ्या खोट्याची मुदत संपली.

तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबाच्या ऑफिसात माणसं घेत होते. तो आपण होऊन आमच्याकडे आला. “काका, तिचा अर्ज द्या. पोर हुशार आहे, मी शब्द टाकतो.” मला त्याला तेव्हा बाजूला घेऊन सगळं सांगता आलं असतं. तो तर चार महिने मागच्या जिन्याने गेलेला माणूस. त्याला समजलं नसतं तर कुणाला समजलं असतं? मी म्हणालो, “फार उपकार होतील रे तुझे.”

लेखी झालं, तोंडी झालं. शेवटच्या मुलाखतीत समोर तीन माणसं होती आणि त्यांत तो स्वतः होता. तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. एकाने विचारलं, “शिक्षण सलग झालंय? कुठे वर्ष गेलंय?” तिने घरून ठरवून नेलं होतं की खरं सांगायचं. पण ती उत्तर देणार एवढ्यात साहेब कौतुकाने म्हणाला, “अहो, मी ओळखतो ना. आमच्याच चाळीतली. बारावीला पहिल्या फटक्यात बासष्ट टक्के. सत्कार मीच केलाय हिचा.” तिघंही हसले. प्रश्न विचारणाऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

तिने मान हलवली.

मी तिला नंतर विचारलं, अगं तिथेच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडू? आणि मग त्यांनी घरी येऊन तुम्हाला विचारलं असतं.”

नोकरी मिळाल्याचं पत्र आलं. मग कागद तपासणाऱ्यांनी बारावीच्या गुणपत्रिकेवरचं साल पाहिलं. एक वर्ष पुढचं. मुलाखतीत सांगितलेलं आणि कागदावरचं जुळेना. नापास होण्याला त्या ऑफिसची हरकत नव्हती असं साहेब नंतर म्हणाला. हरकत होती ती मुलाखतीत खोटं बोलण्याला. पत्र परत घेतलं गेलं.

तो त्याच संध्याकाळी आमच्या दारात आला. ऑफिसचे कपडेही बदलले नव्हते. नात घरी नव्हती.

“काका, हे काय? माझी ऑफिसात मान खाली गेली. मी छातीठोकपणे सांगितलं, सत्कार मी केलाय म्हणून. ती त्या वर्षी पासच झाली नव्हती?”

शेजारच्या बाई त्यांच्या दारात तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. मला ते थांबलेलं ऐकू आलं.

आणि मी म्हणालो, “काय सांगू बाबा तुला. पोरीने आम्हालाही अंधारात ठेवलं.”

माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मलाच खरं वाटलं.  तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “जाऊ द्या काका. आजकालची मुलं. तुम्ही त्रास करून घेऊ नका.” ज्या माणसावर मी अख्ख्या चौकाला हसवलं होतं, तो माझं सांत्वन करत होता, आणि मी ते करून घेतलं.

दोन दिवसांत चाळभर झालं. जिन्यात बायका नातीकडे बघून बोलणं थांबवायच्या. शेजारच्या बाई, ज्या तिला लहानपणी मांडीवर घेऊन बसायच्या, त्यांनी तोंडावर म्हटलं, “एवढं खोटं गो? आणि तेही आजोबांशी?” नात घरात आली. मी खुर्चीत पेपर धरून बसलो होतो.

“आबा, तुम्ही असं सांगितलंत?”

“मग काय सांगणार होतो?”

“खरं,” ती म्हणाली आणि कळशी घेऊन नळावर गेली.

तिच्या आईबापांना तिने गप्प बसवलं. मुलगा रागाने तिसऱ्या मजल्यावर निघाला होता, तिने त्याचा हात धरला. “आबांचं वय काय, पप्पा. ह्या वयात त्यांना चाळीत तोंड दाखवायची लाज वाटायला लागली तर ते जातील कुठे?” हे मी आतल्या खोलीतून ऐकलं. ऐकून बाहेर आलो नाही.

त्यानंतर तिने किती ठिकाणी मुलाखती दिल्या असतील. आता ती पहिल्याच प्रश्नाला सांगून टाकायची की एका विषयात नापास झाले होते. एकदा जेवताना ती मला म्हणाली, “नापास झाल्याचं कुणाला एवढं वाटत नाही हो. म्हणतात, ठीक आहे, होतं. पण पुढे विचारतात, मग जुलैची परीक्षा का नाही दिली? त्याला माझ्याकडे उत्तर नसतं. आजारी होते म्हटलं तर कागद मागतात. काही नाही म्हटलं तर आळशी समजतात.” मी आमटीत भात कालवत होतो. उत्तर माझ्याकडे होतं.

सध्या ती शिवडीला माल वाहतुकीच्या एका ऑफिसात बिलं करते. तिच्याबरोबर शिकलेल्या मुली बँकांतून, मोठ्या कंपन्यांतून आहेत. तिला त्यांच्यापेक्षा किती कमी मिळतं ते मी विचारत नाही. मुलाने उपनगरात भाड्याने घर घेतलं, तेव्हा तिघंही तिकडे गेले. चाळीतून जाण्याचं कारण कुणी बोललं नाही. मी एकटा इथेच राहिलो. रविवारी ती येते, माझ्या गोळ्या डबीत लावून जाते. जिन्यात कुणाशी बोलत नाही, कुणी तिच्याशी बोलत नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी ठरवलं की आता बास. रविवारी घरी ती कामात असते, शिवाय भिंतींना शेजार आहे. म्हणून टॅक्सी करून मी शिवडीला गेलो. काय बोलायचं ते वाटेत मनात घोकत होतो. ऑफिस एका गोदामाच्या वर होतं, लोखंडी जिना होता, खाली ट्रक उभे होते. मी जिन्याखालूनच तिला निरोप पाठवला. ती धावत उतरली.

“आबा? काय झालं? बरं नाहीये का? छातीत दुखतंय?”

“नाही गं. असंच.”

“असंच? इतक्या उन्हात?” तिने माझ्या कपाळाला हात लावला, मग हात धरून सावलीत नेलं, एका रिकाम्या खोक्यावर बसवलं आणि कुणाला तरी लिंबूपाणी आणायला सांगितलं. पाणी येईपर्यंत ती माझ्यासमोर उकिडवी बसून राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. तिच्या बोटांना कार्बनची निळाई होती. बोलायला ह्याहून चांगली वेळ मिळाली नसती. एक ट्रक मागे येत होता, क्लीनर ओरडत होता, तो गेला की बोलू असं मी मनाशी म्हटलं. तो गेला. दुसरा आला नाही.

“आबा, काही बोलायचंय का?”

“छे. इकडे बंदरावर एकाला भेटायचं होतं. म्हटलं तुझं ऑफिस बघावं.”

 माझं खोटं तिला कळतं. तिच्याइतकं ते कुणाला कळणार?

“बघितलंत ना? मग चला, टॅक्सीत बसवते. उन्हाचे फिरू नका असे.” तिने टॅक्सी थांबवली, मला आत बसवलं, खिडकीतून ड्रायव्हरला म्हणाली, “भैया, आराम से ले जाना, बुजुर्ग हैं.” मग माझ्याकडे वळून, “पोचलात की फोन करा.”

मी ‘हो’ म्हटलं. टॅक्सी सुटली. घोकून आणलेलं सगळं तसंच राहिलं. फार मोठं नव्हतं ते. एवढंच होतं: बाय, तू काही लपवलं नव्हतंस. खोटं मी बोललो, परीक्षेच्या दारातून तुला मी परत पाठवलं, आणि तुझी नोकरी गेली त्या दिवशी स्वतःला वाचवायला मी तुला पुढे केलं. मी उद्या चाळीत प्रत्येकाच्या दारात जाऊन हे सांगेन, आधी तिसऱ्या मजल्यावर, मग शेजारच्या बाईंना. पण सगळ्यांच्या आधी तुला. मला माफ कर.